अंबाड्याचा पाव

पहिला दिवस, कतानिया (सिसिली, इटली)

खोलीच्या जाहिरातीत 'नाश्त्यासह' हा शब्द वाचून आत्या निर्धास्त होती. सकाळी उठून पाहतो तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो नाश्ता मांडून ठेवलेला: प्लास्टिकच्या पाकिटात बंद दोन क्रोसाँ, टोस्टचा एक पुडा, जर्दाळूच्या जॅमच्या दोन इवल्या डब्या आणि खोक्यातलं दूध. मालकीणबाईंचा पत्ता नाही. आत्याने पुडा उलटासुलटा करून तारीख वाचली आणि म्हणाली, "अरे, टायफॉइडमधून उठलेल्याला देतात तसलं आहे हे."

तसं बघितलं तर यात फसवणूक काही नव्हती. इटलीत घरचा नाश्ता साधारण एवढाच असतो. मोठ्या कपात दूध-कॉफी आणि त्यात बुडवायला बिस्किटं. किराणा दुकानात नाश्त्याच्या बिस्किटांची वेगळी मांडणीच असते. चहात खारी बुडवून लोकल पकडणारी माणसं आपल्याकडेही आहेतच की. त्याहून जास्त काही हवं असेल तर घराबाहेर पडून कोपऱ्यावरच्या बारमध्ये जायचं. बार म्हणजे तिथे कॉफीचं दुकान. मागच्या फळीवर बाटल्या असतात, पण सकाळी तिकडे कोणी बघत नाही.

आत्या 68 वर्षांची. सांगलीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि या दोन्ही गोष्टी ती नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकते. शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं. सकाळी पोटात गरम काहीतरी गेलंच पाहिजे हा तिचा नियम. आणि मी सिसिलीचा आठवडा आखला होता तो इथे लोक सकाळी काय खातात ते बघण्यासाठी, ज्यात पहिला मान बर्फाचा. हे तिला मी अजून सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी तिने टोस्टवर लोणी आणि बरोबर आणलेलं मेतकूट लावून खाल्लं. चांगलं लागलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी पाय मोडेस्तोवर हिंडून एका चौकातल्या टपरीशी थांबलो. कतानियात अशा टपऱ्या ठिकठिकाणी आहेत आणि त्यांचं प्रसिद्ध पेय म्हणजे 'सेल्त्स, लिमोने ए साले': सोडा, लिंबू, मीठ. पोऱ्याने लिंबू पिळलं, मीठ टाकलं, वरून सोड्याची धार सोडली. आत्या एक घोट घेऊन माझ्याकडे बघत राहिली. "एवढे पैसे खर्चून विमानाने आलो ते लिंबूसोडा प्यायला?" पण दुसरा ग्लास तिनेच मागवला.

दुसरा दिवस, कतानिया

आज सांगावंच लागलं. "आत्या, इथे उन्हाळ्यात सकाळी ग्रानीता खातात. बर्फासारखं असतं. पावाबरोबर."

"सकाळी? उपाशीपोटी?"

"हो."

"आणि यांचे घसे?"

बारमध्ये साडेसातला ही गर्दी. बँकेत निघालेले लोक, शाळकरी नातवंडं घेतलेले आजोबा, मासळीबाजारातून आलेला रबरी बूट घातलेला माणूस. काहींच्या हातात फक्त कॉफीचा कप, उभ्याउभ्या दोन घोटांत संपवायचा. कॉफीबरोबर पाण्याचा छोटा ग्लास येतो आणि पाणी आधी प्यायचं, म्हणजे तोंड स्वच्छ होऊन कॉफीची चव लागते. बाकीच्यांपुढे काचेच्या पेल्यात ग्रानीता आणि बशीत ब्रियोश नावाचा गोल, पिवळसर, चकाकणारा पाव.

बर्फाचा गोळा डोळ्यांपुढे आणू नका. गोळ्यात आधी बर्फ किसतात, मग वर पाक ओततात, आणि दोन चोखांत रंग आपल्याकडे नि पांढरा भुगा काडीवर. ग्रानीतात बदामाचं दूध, लिंबाचा रस किंवा कॉफी साखरेबरोबर मिसळून ते मिश्रणच सतत ढवळत गोठवतात. त्यामुळे दगडासारखं घट्ट होत नाही आणि आइस्क्रीमसारखं गुळगुळीतही होत नाही. चमचा सहज रुततो आणि जिभेवर बारीक कण लागतात. पूर्व सिसिलीत ते जास्त मऊ, जवळजवळ मलईसारखं करतात. गाईम्हशीच्या दुधाचा थेंबही नसतो. फळ्यावर बदाम, पिस्ता, लिंबू, कॉफी, चॉकलेट असे प्रकार लिहिलेले, आणि जून असल्यामुळे काळी तुती. मी अर्धं बदाम, अर्धं तुती सांगितलं.

पाव म्हणजे एका मोठ्या गोळ्यावर दुसरा छोटा गोळा. त्या वरच्या गोळ्याला म्हणतात तुप्पो. आत्याने त्याकडे बोट करून भुवई उंचावली. गल्ल्यावरच्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी हात पुसले, काउंटरवरून वाकल्या आणि आत्याच्या मानेवरच्या अंबाड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुप्पो!" सगळा बार वळून बघायला लागला. सिसिलीच्या बोलीत तुप्पो म्हणजे खरोखरच अंबाडा. जुन्या बायका केस मागे वळवून बांधत तसा. आत्याने हात मागे नेऊन अंबाडा चाचपला, पावाकडे बघितलं, आणि सहलीत पहिल्यांदा खळखळून हसली.

अंबाडा आधी तोडायचा. तो सगळ्यात मऊ भाग. ग्रानीतात बुडवून खायचा, मग उरलेल्या पावाचे तुकडे. शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना: काही ठिकाणी ब्रियोशमध्ये लोण्याऐवजी डुकराची चरबी घालतात. तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात. हा शब्द पाठ करून जा आणि विचारा. आम्ही विचारलं, इथे लोणी होतं.

आता आत्याचं काय? तिने अंबाडा तोडून कोरडाच खाल्ला, गरम कॅपुचिनोबरोबर. आणि आपल्या वाटणीचं बदामाचं ग्रानीता बाजूला ठेवून दिलं. वीस मिनिटांनी ते वितळलं, तेव्हा पेला उचलून सरबतासारखं पिऊन टाकलं. बाईंचा चेहरा असा झाला, जणू कोणी पुरणपोळी पाण्यात बुडवून खाल्ली.

तरी भाषेच्या बाजूने बघितलं तर आत्याने काही चूक केली नव्हती. अरबांनी सन 827 मध्ये या बेटावर स्वारी सुरू केली, 831 मध्ये पालेर्मो घेतलं, आणि पुढे उत्तर फ्रान्सकडचे नॉर्मन लढवय्ये येईपर्यंत, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं, इथे त्यांचं राज्य होतं. लिंबू, ऊस हे त्यांच्याबरोबर आलं, आणि थंड गोड पेयाची आवडही त्यांचीच असं इथे सांगतात. इटालियनमधला 'सोर्बेत्तो' आणि आपलं सरबत एकाच अरबी मुळाचे.

आणि बर्फ? तो समोरच होता. रस्त्याच्या टोकाला एटना ज्वालामुखी, तेहतीसशे मीटरहून उंच, तोंडातून धुराची रेघ. फ्रिज येण्याआधी हिवाळ्यात या डोंगरावरचा बर्फ खड्ड्यांत नाहीतर गुहांत दाबून भरत, वर पालापाचोळा नि माती घालत, आणि उन्हाळ्यात तो कापून खेचरांवर लादून खाली आणत. ऊन चढण्याआधी पोचायचं म्हणून रात्रीचा प्रवास. हे काम करणारे ते 'निवारोली'. बर्फाचा हा धंदा एवढा मोठा होता की कतानियाच्या बिशपला त्यातून उत्पन्न मिळे आणि जहाजं भरून बर्फ माल्टाला जाई. म्हणजे ज्या डोंगराच्या लाव्ह्याने 1669 मध्ये या शहरापर्यंत मजल मारली, तोच पुढे त्याला सरबतं पुरवत होता.

त्या बर्फाने रस गोठवायचीही रीत होती. लाकडी बादलीत बर्फ नि मीठ, त्यात धातूचं भांडं, भांड्यात रस, आणि हाताने फिरवत राहायचं. मी हे सांगायला लागलो तर आत्या म्हणाली, "पुढचं मी सांगते. मिठाने बर्फाचा गोठणबिंदू खाली जातो. मे महिन्यात वाड्यात पॉट आइस्क्रीम व्हायचं तेव्हा दांडा कोण फिरवायचं? तुझा बाप दहा फेऱ्यांत पळून जायचा."

तिसरा दिवस, मेस्सीना

किनाऱ्या-किनाऱ्याने दीड तासाची गाडी, उजवीकडे समुद्र. नाश्त्याला दुसऱ्या गावी जाणं आत्याला फारसं पटलं नव्हतं, पण खिडकी मिळाली म्हणून गप्प बसली.

मेस्सीनाचं म्हणणं असं की ग्रानीता म्हणजे कॉफीचं, बाकी सगळी नक्कल. पेल्यात कॉफीचं काळं ग्रानीता आणि वर फेटलेली साय. नुसतं 'मेझ्झा कोन पान्ना' म्हणायचं, 'अर्धं, सायीसह'. कशाचं अर्धं ते सांगायची गरज नसते. ब्रियोशचा अंबाडा आधी सायीत, मग खाली कॉफीत. माझ्या मते कतानियाच्या बदामापेक्षा हे सरस. कडू, थंड आणि गोड पावाच्या घासाला बरोबर पुरणारं. कतानियाच्या लोकांसमोर मी हे बोलणार नाही. त्या दोन शहरांत कशावरून वाद नाही ते विचारा.

आत्याने वरची साय खाल्ली. खालचं कॉफीचं वितळेपर्यंत थांबली. "कोल्ड कॉफी झाली," म्हणाली आणि संपवली.

बाकी मेस्सीना पटकन होतं. 28 डिसेंबर 1908 च्या भूकंपाने गाव जवळजवळ पुसून टाकलं, म्हणून रस्ते रुंद आणि घरं बेताची. चर्चच्या मनोऱ्यावर 1933 मध्ये बसवलेलं घड्याळ आहे. दुपारी 12 वाजता त्यातला सिंह डरकाळी फोडतो, मग कोंबडा आरवतो. उन्हात मान वर करून उभं राहिलो. कोंबडा आरवल्यावर आत्या म्हणाली, "याला कोणीतरी सांगा, बारा वाजलेत."

चौथा दिवस, नोतो

11 जानेवारी 1693 च्या भूकंपात जुनं नोतो कोसळलं आणि काही मैलांवर नवं गाव बांधलं, सगळं मधाच्या रंगाच्या दगडात. सकाळच्या उन्हात मुख्य रस्ता दुधात हळद पडल्यासारखा दिसतो.

हा बदामाचा मुलूख. जवळच्या आव्होलाचा 'पित्सुता' बदाम चपटा, टोकदार, मिठाईवाल्यांचा लाडका. 'रोमाना' दिसायला ओबडधोबड, पण तेल जास्त आणि चवीला खोल. 1892 पासून चालू असलेल्या काफे सिसिलियात आम्ही बदामाचं ग्रानीता घेतलं. बदाम, पाणी, साखर एवढंच, पण मागे हलकी कडवट छटा राहते. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा अर्धा ब्रियोश पेल्यात पूर्ण बुडवून चमच्याने कालवून खात होते, अगदी दूधभात कालवावा तसं. म्हणजे नियम पर्यटकांसाठी असतात. आत्याने त्यांच्याकडे बघितलं, आपल्या न वितळलेल्या पेल्याकडे बघितलं, आणि एक चमचा तोंडात घातला. मी काही बोललो नाही. तिनेही काही म्हटलं नाही. थोड्या वेळाने शिंकली आणि माझ्याकडे अशी पाहिली की जणू मीच शिंकवलं.

पाचवा दिवस, मोदिकाजवळचं शेत

मोदिकात राहिलो ते घर चालवणाऱ्या मुलाला आत्याने आदल्या रात्री हातवारे करून विचारलं होतं की तुमच्या बेटावर सकाळी गरम काही मिळतं का. तो म्हणाला, पहाटे सहाला तयार राहा.

रागुझाच्या पठारावर दगडांवर दगड रचलेल्या, चुना नसलेल्या कुंपणांची रांगच रांग. मध्ये सुकत चाललेलं गवत आणि तांबूस-काळ्या मोदिकाना जातीच्या गाई. त्याच्या काकांचा गोठा. शेजारच्या खोलीत चुलीवर मोठं काहील, आत पिवळट निवळी. पहाटेच्या दुधाचं चीज करून झालं की ही निवळी उरते. आपल्याकडे पनीर गाळून झाल्यावर उरतं तसं पाणी. ती फेकत नाहीत. त्यात थोडं दूध, थोडं मीठ घालून पुन्हा तापवतात. रिकोत्ता या शब्दाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेलं'.

काका काहीलीपाशी उभे, हातात लांब काठी, पण ढवळत नव्हते. वाट बघत होते. खोलीत सगळे गप्प. मग कडेने एक पांढरा ठिपका वर आला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळ्या पृष्ठभागावर मऊ पांढरी साय दाटली. काकांनी लगेच जाळ ओढला. आता उकळलं तर दाणेदार होतं आणि फुकट जातं.

खोलगट वाडग्यांत शिळ्या पावाचे तुकडे टाकलेले होते. दगडी भट्टीतला, जाड सालीचा, दोन दिवसांचा पाव. त्यावर झाऱ्याने रिकोत्ता आणि वरून डावभर गरम निवळी. चमचा दिला आणि सांगितलं, थांबू नका, गरम खा.

हा मेंढपाळांचा, गवळ्यांचा नाश्ता. रात्रीपासून कामाला लागलेल्या माणसाचा. शिळा पाव मऊ होतो, निवळी किंचित खारट, रिकोत्ता जिभेवर ठरत नाही. आत्याने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आवडलं नाही. तिने वाडग्यात बोटं घातली, पावाचा उरलेला तुकडा कुस्करला, चांगला कालवला आणि हाताने खायला लागली. काका बघत होते. मी समजावायला तोंड उघडलं, पण त्यांनीच हात वर करून मला थांबवलं आणि तिच्या वाडग्यात आणखी एक डाव ओतला.

"लहानपणी आजी दुधात शिळी भाकरी अशीच द्यायची," परतताना गाडीत म्हणाली. "वर मीठ. साखर मागितली की रागवायची." मग मोदिका येईपर्यंत झोपली.

सहावा दिवस, मोदिका ते पालेर्मो

फारसं सांगण्यासारखं नाही. सकाळी मोदिकाचं चॉकलेट. कोको फार तापू देत नाहीत म्हणून साखर वितळत नाही, आणि चावताना कुरकुर करते. ऐकायला विचित्र वाटतं, पण मला फार आवडलं. आत्याच्या मते 'नीट घोटलं नाही'. मांसाचं सारण आणि चॉकलेट एकत्र भरलेली 'म्पानातिग्गी' नावाची बिस्किटंही तिथलीच. बशीत साध्या बिस्किटांसारखी दिसतात, तेव्हा सांभाळा. मग उरलेला दिवस बसमध्ये.

सातवा दिवस, पालेर्मो

पालेर्मोत सकाळ तळणीच्या वासाने होते. बाल्लारोच्या बाजारात शिरलो तेव्हा आठ वाजले होते आणि पहिली गोष्ट दिसली ती तीनचाकी. आत्या ओरडली, "अरे, ॲपे!" खरंच ती. आपल्याकडे बारामतीत बनते तीच पियाजियोची रिक्षा. 'आपे' म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी, हे तिला इतकी वर्षं त्या रिक्षातून मार्केटला जाऊन माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तिच्या मागच्या हौद्यात काचेच्या पेटीत स्फिंचोने: जाड, स्पंजासारखा पाव, वर टोमॅटो, कांदा आणि पावाचा चुरा. बहुतेक ठिकाणी खारवलेली अँचोवी मासळीही असते, त्यामुळे आम्हाला ते नाही. हे विकणाऱ्यांची एक जुनी आरोळी प्रसिद्ध आहे, तिचा अर्थ असा की 'तेल कमी, धूळ भरपूर!' स्वतःच्या मालाची अशी जाहिरात करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

पुढच्या गाडीवर पसरट तिरक्या कढईत काहीतरी करडं चरबीत परतत होतं. 'पानी का मेउसा', गाईच्या प्लीहेचे आणि फुप्फुसाचे काप, पावात घालून. खाटिककाम करणाऱ्या ज्यूंना मजुरीत हे अवयव मिळत, त्यातून हा पदार्थ निघाला, असं सांगतात. आम्ही खाण्याचा प्रश्न नव्हता, पण रांगेतला प्रत्येक जण गाडीवाल्याला एक शब्द सांगत होता, तो काय म्हणून विचारलं. नुसतं लिंबू पिळून हवं तर म्हणायचं 'स्केत्तु', म्हणजे बिनलग्नाचं. वर चीज हवं तर 'मारितातु', लग्न झालेलं.

आत्याने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आम्हाला हवी होती ती गाडी गल्लीच्या टोकाला होती. पानेल्ले. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात मीठ घालून शिजवायचं, गुठळी होऊ न देता, भांड्याची कड सोडेपर्यंत. मग पार्सली घालून ताटलीवर नाहीतर साच्यात पातळ थापायचं, गार झालं की काप करायचे, आणि तेलात तळायचे. आत्याने पातेल्याकडे बघितलं, थापलेल्या ताटलीकडे बघितलं.

"पाटवड्या."

"तळलेल्या," मी म्हटलं.

"फोडणी कुठाय? लसूण? ओवा तरी?" तिने गाडीवाल्याला विचारलं, मराठीत. त्याने हसून मान हलवली आणि एक कडेचा मोडका तुकडा चाखायला दिला. बाहेरून कुरकुरीत, आत पिठल्यासारखा मऊ. फोडणीशिवायही चाललं, हे तिने कबूल केलं नाही, पण दुसरा तुकडा मागितला.

पाच-सहा काप तीळ लावलेल्या पावात घालून देतात. तिळाला सिसिलियन बोलीत 'जुज्जुलेना' म्हणतात, तो शब्दही अरबीच. हवं तर त्यात बटाट्याच्या 'क्रोक्के' सारायच्या, बेसनाचं आवरण नसलेल्या बटाटेवड्याच्या लांबट बहिणी. पावात बेसन, बेसनाशेजारी बटाटा. वडापावचे सगळे अवयव जमले आहेत, जोडणी वेगळी झाली आहे. शाळेत निघालेली पोरं पाठीवर दप्तर घेऊन हेच खात होती आणि बोटांचं तेल कागदाला पुसत होती.

मी खिशातून पैसे काढत होतो, तेवढ्यात आत्या पुढे सरकली. गाडीवाल्याने पाव मधोमध चिरला, पानेल्ले भरल्या आणि आणखी काही हवं का म्हणून तिच्याकडे बघितलं.

"स्केत्तु," आत्या म्हणाली.

पानेल्लेच्या बाबतीत हा शब्द कोणी वापरत नसावं. त्याचा हात क्षणभर थांबला. मग तो एवढ्या मोठ्याने हसला की शेजारचा भाजीवाला काय झालं म्हणून आला, आणि त्याने त्यालाही सांगितलं. आत्या दोघांकडे बघत, वर्गात पाढा चुकलेल्या मुलाकडे बघावं तशी, शांत उभी होती.

त्याने मोठं लिंबू कापलं आणि दोन्ही फोडी तिच्या पावावर पिळल्या. माझ्या पावाला एकच मिळाली.